बत्तीस नंबरची बाटली

ता. ३ जानेवारी

ती. थोरल्या मावशीस सा. न. वि. वि. आणि तिच्या चार पायांच्या लेकास अ. आ.

सोबतच्या खोक्यात दोन बाटल्या आहेत. एक तुझ्या ठोंब्यासाठी, दुसरी शेजारच्या दारी, धाकट्या मावशीच्या भिंगरीसाठी. एकीवर एकतीस नंबर आहे, दुसरीवर बत्तीस. कुठली कोणाची हे मी ठरवायचं नाही. तुम्ही दोघींनी न बघता उचला आणि कोणाकडे कुठली गेली तेवढं कळवा. आमच्या अभ्यासात अपस्माराचे झटके येणारी चाळीस कुत्री आहेत. निम्म्यांना नव्या औषधाची गोळी मिळते, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसत्या पिठाची. कोणाला काय मिळालं ते मला माहीत नाही, आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही नाही. ते सगळं बंद पाकिटांत आहे, कारण ते आधी ठाऊक असलं तर औषधवाला कुत्रा आम्हाला उगाचच बरा दिसायला लागतो.

नेहमीचं औषध दोघांचंही चालू ठेवायचं. ही गोळी जादा, सकाळ-संध्याकाळ आठाच्या ठोक्याला. झटका आला की तारीख, वेळ आणि मिनिटं तक्त्यात लिहायची आणि तक्ता दर आठवड्याला पोस्टानं पाठवायचा. आणि गोळी मध्येच थांबवायची नाही, बदलायचीही नाही. खरी गोळी एकदम सुटली तर झटके उसळून येतात आणि जिवावर बेततं. तू गिऱ्हाइकाचं माप टेपनं घेण्याऐवजी नजरेनं घेणारी बाई, म्हणून हे दोनदा वाच.

तक्त्यांबरोबर लोभही पाठवत जा.

तुझी
चिमणी


ता. २६ जानेवारी

चि. चिमणीस अ. आ.

तिसरा तक्ता सोबत आहे. फोनवर तू कायम घाईत असतेस, म्हणून चार ओळी जास्तीच्या लिहिते. वडीलकीच्या मानानं खोक्यात पहिला हात मी घातला आणि एकतीस नंबर निघाला. धाकटीला बत्तीस मिळाला.

ठोंब्याला दर चार दिवसांनी येणारा झटका आता तीन आठवड्यांत एकदाच आलाय. परवा त्यानं एका बाईंच्या ब्लाऊजची बाही पळवली आणि पलंगाखाली जाऊन बसला. इतका उत्साह त्याला गेल्या वर्षात आला नव्हता. मी रागवायचं सोडून हसत बसले. आणि भिंतीपलीकडे भिंगरीला एका आठवड्यात पाच झटके आले. झटका ओसरला की ती टेबलाभोवती गोल गोल फिरत राहते, खुर्च्यांच्या पायांना धडकते आणि अर्धा तास धाकटीलाही ओळखत नाही. एकाच आईची पिल्लं ही, आणि बघ काय चाललंय.

धाकटी अवाक्षर काढत नाही. रुग्णालयाच्या औषधखिडकीवर पस्तीस वर्षं बसलेली बाई, तिला सगळं कळत असणार. मला ठोंब्याचं कौतुक करायलाही चोरी झाली आहे. आनंद होतो आणि लगेच त्याची लाज वाटते. पीठ कुठल्या बाटलीत आहे ते सांगू नकोस, पण माझं चुकतंय की नाही एवढं तरी सांग.

मायेनं लिहीत जा.

थोरली मावशी


ता. २ फेब्रुवारी

ती. थोरल्या मावशीस सा. न. वि. वि.

तुझं काहीही चुकत नाही. मी काही सुचवू शकत नाही, कारण मलाच ठाऊक नाही. खरं सांगायचं तर तुमचे तक्ते समोर ठेवून मी चक्रावले आहे. दोघांच्या मेंदूचे फोटो आम्ही डिसेंबरात काढले होते. दोन्ही अगदी स्वच्छ, एक झाकावा आणि दुसरा काढावा इतके सारखे. झटके मात्र एकाचे थांबतात आणि दुसरीचे वाढतात. हा आजार आपल्या मनानं चढतो, आपल्या मनानं उतरतो. सहा वर्षं यात घालवूनही तो असं का करतो हे मला सांगता येत नाही.

म्हणून एवढंच ऐक. ठोंब्या बरा आहे म्हणजे त्याला औषध मिळालंय असं समजू नकोस. धाकट्या मावशीलाही तसं समजू देऊ नकोस.

जिव्हाळा राहू दे.

तुझी
चिमणी


ता. १६ फेब्रुवारी

चि. चिमणीस अ. आ.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. धाकटीला यातलं काही कळता कामा नये.

गेल्या सोमवारी दुपारी ती नातीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असतेच. मी तिची बाटली आणली, वाफेच्या इस्त्रीवर धरून दोन्हींवरचे नंबर अलगद सोडवले आणि अदलाबदल करून चिकटवले. एकतीसवाली बाटली बत्तीसचा नंबर लावून तिच्या फळीवर ठेवून आले. माझ्या मनानं घेतलं होतं की चांगली गोळी माझ्याकडे आली आहे. ठोंब्यानं पाच आठवडे सुखानं काढले, आता थोडे भिंगरीला मिळू देत, असं वाटलं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं, पण त्या दुपारी मला फक्त टेबलाभोवती फिरणाऱ्या भिंगरीच्या नखांचा आवाज ऐकू येत होता.

गुरुवारी दुपारी भिंगरी गेली. एकामागून एक झटके येत राहिले. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, पण ते थांबेनात. धाकटी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी दारात उभी होते. खरी गोळी सुटली की झटके उसळतात असं तू लिहिलं होतंस. खरी गोळी भिंगरीचीच असली तर? मी तिला मारलं का, एवढं सांग. खोटं सांगू नकोस.

मी तिच्याकडे जाणं बंद केलं आहे. कोणत्या तोंडानं जाऊ?

थोरली मावशी


ता. १९ फेब्रुवारी

चि. चिमणीस धाकट्या मावशीचे अ. आ.

भिंगरीचा शेवटचा तक्ता पाठवते आहे. शेवटची ओळ मी लिहिली नाही, ती तूच लिही.

थोरली इकडे फिरकत नाही. ठोंब्याला दारावरून नेतानाही मान खाली घालते. माझ्या दुःखात ठोंब्या नजरेला पडू नये म्हणून जपत असेल, असं धरून चालले आहे. पण मला वेगळंच काही खातंय आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.

भिंगरी मरण्याआधीच्या सोमवारी, नातीच्या दाताच्या दवाखान्यातून आल्यावर, सवयीप्रमाणे मी गोळ्या मोजल्या. भिंगरीनं दोनदा गोळी ओकली होती, तेव्हा मी नवी दिली होती. त्यामुळे दोन कमी भरायला हव्या होत्या. त्या पुऱ्या भरल्या. नंबराचा कोपरा पाहिला तर सुरकुतलेला. मला उलगडा व्हायला वेळ लागला नाही, असलं काम इस्त्रीवाल्या बाईशिवाय कोण करणार? पाच वाजता ती ठोंब्याला फिरायला घेऊन गेली तेव्हा माझ्याकडच्या किल्लीनं मी तिच्या घरी जाऊन गोळ्या मोजून उलट ओतल्या. आठच्या गोळीआधी सगळं होतं तसं झालं. तिची चांगली गोळी तिच्याकडे गेली आणि माझी माझ्याकडे राहिली. तीन दिवसांनी भिंगरी संपली.

आता वाटतं की बरं करणारं औषध दारी चालत आलं होतं आणि ते मी आपल्या हातानं परत केलं. थोरलीला कळवू नकोस, तिला फार लागेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी मावशी


ता. २४ फेब्रुवारी

ती. दोन्ही मावश्यांस सा. न. वि. वि.

हे एकच पत्र दोघींना लिहिते आहे. थोरल्या मावशी, हे घेऊन शेजारी जा आणि तिच्यासमोर वाच. तुम्ही दोघींनी मला एकमेकींपासून लपवायला सांगितलं होतं. मी दोघींचाही शब्द मोडते आहे. मला क्षमा करा.

थोरल्या मावशीनं सोमवारी बाटल्यांचे नंबर बदलले. धाकट्या मावशीनं त्याच संध्याकाळी, गोळी द्यायच्या आधी, ते निस्तरलं. म्हणजे एकही चुकीची गोळी एकाही पोटात गेली नाही.

थोरल्या मावशीचं पत्र मिळताच मी ते मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, ते दडवणं मला शक्य नव्हतं. त्यांनी दोन्ही पाकिटं उघडली. खरं औषध बत्तीस नंबरच्या बाटलीत होतं. ते भिंगरीला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मिळत होतं. ठोंब्या सात आठवडे नुसतं पीठ खातोय.

धाकट्या मावशीचं पत्र पाकिटं उघडल्यावर दोन दिवसांनी आलं. त्या दोन दिवसांत मी थोरल्या मावशीला काय लिहावं या विचारानं कामावर धड कुठलाच तक्ता वाचू शकले नाही. थोरल्या मावशी, आता सांगू शकते की भिंगरीला तू मारलं नाहीस. आणि धाकट्या मावशी, तू तिचं औषध परत दिलं नाहीस, उलट तुझ्यामुळेच ते तिच्याकडे राहिलं. ते तिला लागू पडलं नाही. का पडलं नाही, आणि ठोंब्या पिठावर बरा कसा झाला, हे मला माहीत नाही. हे लिहिताना मला शरम वाटते, कारण तुम्ही माझ्या भरवशावर त्या बाटल्या उघडल्या होत्या.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण एकमेकींवर नको.

तुमची
चिमणी


ता. १ मार्च

चि. चिमणीस अ. आ.

तू सांगितलंस तसंच केलं. धाकटीच्या स्वयंपाकघरात बसून पत्र मोठ्यानं वाचलं. मध्ये दोनदा थांबले, तेव्हा उरलेलं तिनं वाचलं. भिंगरीला औषध मिळालं होतं याचा आनंद मानावा की तरीही ती गेली याचं वाईट वाटून घ्यावं, हे दोघींनाही ठरवता येईना.

मग मी तिला विचारलं की तुलाही माझ्यासारखीच खात्री होती, चांगली गोळी आयती फळीवर आली होती, भिंगरीचा जीव टांगणीला लागला होता, मग परत का केलीस. ती उठून भांडी लावायला लागली. पाठमोरीच म्हणाली की तिच्या घरात नवरा आहे, मुलगा-सून आहेत, नातवंडं आहेत, भिंगरी गेली तरी तिच्याशी बोलायला कोणीतरी असेल. माझ्या घरात ठोंब्याशिवाय कोण आहे, असं तिनं मलाच विचारलं.

मी तिथेच बसून रडले. ते भिंगरीसाठी होतं, तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते अजून मला कळलेलं नाही.

लोभ असू दे, आणि तो आम्हा दोघींवर सारखाच असू दे.

थोरली मावशी