न उकळलेली नळी

कोल्हापूर,
१२ मार्च १९८५

प्रिय भाऊसो,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. दचक. मी रोज दचकते. घरात दूध तापत ठेवलं की ते उकळेपर्यंत मी चुलीसमोरून हलत नाही. घरचे हसतात, नजीरा दुधाची राखण करते म्हणतात. त्यांना काय सांगू?

परवा विद्यापीठातल्या आपल्या प्रयोगशाळेतला जुना फ्रीज हलवला, तर मागच्या कप्प्यात तुझी बाटली निघाली. उंबराच्या चिकाची पूड, वर तुझं तिरकं अक्षर, 'नेसरी, मळ्यातलं झाड'. या चिकातल्या एन्झाइमनं दूध घट्ट होतं, आता वासराच्या जठरातलं काही न घालता चीज करता येईल, वारणानगरच्या डेअरीला पिपं पाठवू, असले मनोरे तू कँटीनमध्ये मिसळ खाताना रचायचास. तुझ्या आई, सोनूबाई, मात्र म्हणायच्या, "दत्ताचं झाड हाय त्ये. चाकू लावू नगंस, कोपंल की!"

सरांसमोरच्या त्या दोन नळ्या तूही विसरला नसशील. एकीत दुधात ताजा चीक, दुसरीत दहा मिनिटं उकळून मारलेला. मेलेल्या चिकानं दूध घट्ट व्हायला नको होतं. पण दोन्हींत झालं. सर म्हणाले, दूधच नासकं आहे, तीन वर्षं तू नासकं दूध मोजतोयस. तू सगळं सोडून नेसरीला, गावी गेलास. दर गुरुवारी त्या उंबराला दिवा लावून माफी मागतोस, हे मला तुझ्या गावच्या केरबानं सांगितलं. तेव्हापासून रिकामा स्टँड दिसला तरी मला त्यात ती नळी दिसते.

भाऊसो, उकळायचं काम माझं होतं. बर्नर पेटवणार तोच घरून निरोप आला, मला बघायला पाहुणे आलेत. धावत गेले, धावत आले, तर सर दारात उभे. नळी तशीच, न उकळता, स्टँडमध्ये ठेवली. त्याच आठवड्यात सर माझ्या नोकरीच्या कागदावर सही करणार होते. मी घाबरले आणि गप्प बसले. पाप माझं, नाव देवाचं झालं.

काल तुझी पूड विरघळवली. घड्याळ समोर ठेवून एक नळी दहा मिनिटं उकळली. तिच्यातलं दूध दूधच राहिलं. दुसरीतलं घट्ट झालं, जरा उशिरा, पण झालं. सर आता निवृत्त आहेत. नव्या विभागप्रमुखांना मी सगळं लिहून दिलंय, माझ्या सहीनिशी. नोकरीचं व्हायचं ते होवो. माफी मागायला मला तोंड नाही. फक्त येत्या गुरुवारी दिवा नको नेऊस. चाकू घेऊन जा. ते झाड तुझ्यावर कधी कोपलंच नव्हतं.

तुझी गुन्हेगार, आणि तरीही तुझीच,
नजीरा