सकाळचा चहा कोण करतं

तीर्थरूप आईस, तुझ्या धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. फरशी बसवायचं काम चालू आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझं डोळ्यांचं औषध संपलं का?

गावी पुन्हा विधीने लग्न लावायचंय, त्याच्या मांडववाल्याला तारीख पुढे ढकलायला सांग. तिसऱ्यांदा सांगताना तुला कसंतरी होईल, पण माझे इथे राहायचे कागद झाले नाहीत, आणि कागदांशिवाय या देशातून निघालो तर परत आत घेणार नाहीत.

चूक माझीच आहे. इथे कचेरीत केलेलं आमचं लग्न खरं की कागदापुरतं, हे बघायला तिथल्या साहेबाने आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मला विचारलं, "सकाळी चहा कोण करतं?" मी ऐटीत म्हणालो, "बायको." तुझ्या सुनेने खरं ते सांगितलं, "नवरा." झालं, आमची फाइल बाजूला पडली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अरे, चहासाठी खोटं बोललास?" आधी हसली, मग जिन्यातच बसून रडली. ती उजाडताना कामावरून येते गं, उभं राहून पाय सुजलेले असतात. म्हणून करतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. तिथे जीभ अडखळायला नको, म्हणून आधी तुलाच सांगतो. चहा मी करतो. भांडीही मीच घासतो. काकूला काय हसायचं ते हसू दे.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी शेगडी माझ्याकडे दे. तू आणि तुझी सून, दोघी नुसत्या बसा.

दमलेला, पण सुखरूप,
तुझा धाकटा