तक्रार न आलेला दिवस

माय, आज दुपारपर्यंत माझ्याकडं एकही तक्रार आली नाही, आणि मी डबा खाऊन निवांत बसलोय. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, "मंग पगार कशाचा घेतो रे?" आमचे साहेबही हेच विचारतात. म्हणून म्हटलं, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, एकदा माझं काम बराबर समजावून सांगावं. मी जालन्याला लोखंडाच्या एका कारखान्यात आहे, बदनापूरहून रोज येऊन-जाऊन. इथले कॉम्प्युटर, प्रिंटर, त्यांना जोडणाऱ्या वायरी, आणि सगळा माल-हिशेब ज्यात साठतो तो सर्व्हर, हे सगळं चालू ठेवायचं. कुणाचं काही अडलं की तो कॉम्प्युटरवर तक्रार टाकतो, तिला आम्ही तिकीट म्हणतो. काम झालं की तिकीट बंद. महिन्याला कुणी किती तिकिटं बंद केली त्यावरून साहेब ठरवतात, कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा. कॉलेज मी मधेच सोडलं. एका सरांनी भर वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल केली, मी उठून नको ते बोललो आणि परत गेलोच नाही. हातात डिग्री नाही म्हणून इथं वर्षाच्या करारावर आहे. करार संपत आला होता, आणि ठेवायचं की घरी पाठवायचं, हे त्या तिकिटांवरच ठरणार होतं.

आता काट्याचं ऐक. भंगार घेऊन आलेले ट्रक गेटाजवळच्या मोठ्या वजनकाट्यावर उभे राहतात, केबिनीत बसलेली मुलगी वजन घेते आणि पावती छापून देते. हसनाबादकडची आहे. तिच्याबद्दल फार लिहीत नाही, तू आई आहेस. एवढंच सांगतो, की ट्रकवाल्यांशी ती ज्या आवाजात बोलते तो ऐकला की माझं डोकं थंड होतं, आणि ते सहजासहजी होत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तर तिचा प्रिंटर रोज बंद पडायचा. बाहेर ट्रकांची रांग लागायची, तक्रार यायची, कधी मी, पण बहुतेक वेळा माझ्यासोबत काम करणारा पोरगा जायचा, बंद-चालू करून यायचा, तिकीट बंद. दुपारनंतर पुन्हा तेच. त्याचा आकडा फुगत गेला. मी मात्र एक दिवस उन्हात वायरीच्या मागं मागं चालत निघालो. ऑफिसातून काट्याकडं जाणारी आमची बारीक वायर एका मोठ्या मोटरच्या केबलला चिकटून नेलेली होती. मोटर सुरू झाली की लाइन तुटायची अन् प्रिंटर अडायचा. वायरमनला हाताशी धरून, दोन दिवस खपून मी ती वायर वेगळ्या पाइपातून नेली. तेव्हापासून काट्यावरची तक्रारच बंद. माझ्या नावावर जमा काय, तर एक तिकीट.

महिनाअखेरीला साहेबांनी आत बोलावलं. "त्याचा आकडा बघ अन् तुझा बघ. दिवसभर करतो काय तू?" मी म्हणालो, "बंद पडू देत न्हाई." "मग ते मला दिसत का नाही?" माझं टाळकं सरकलं. बाहेर येऊन राजीनामा लिहायला बसलो. लिहून झाला, फक्त पाठवायचा बाकी होता, आणि मला खुरपणीतली तुझी पात आठवली.

रविवार आहे. शाळेला सुट्टी म्हणून मी तुझ्यासोबत कपाशी खुरपायला आलोय. बाया आपापल्या ओळीची पात धरून पुढं सरकून राह्यल्यात आणि तुझी पात सगळ्यांच्या मागं. त्या हराळीचं गवत वरच्यावर कापतात, तू खुरपं खाली घालून मूळ ओढून काढतेस. बांधावरून मालकीण ओरडते, "ए बाई, तुझ्यापायी माझा दिवस चालला." तू म्हणतेस, "जी, आवरते." शेजारची मावशी हळूच म्हणते, "अगं, मुळासकट काढू नको, पंधरा दिवसानं आपल्याला कोण बोलवंल?" बाया हसतात, सगळ्यात जास्त तू. मला मात्र चीड येते. मी मालकिणीकडं निघतो तर तू सदऱ्याला धरून खाली बसवतेस. "कुठं चालला? तिला तिथून पात दिसती, मूळ न्हाई दिसत. तिलाबी घरी जाऊन सांगावं लागतं ना, किती झालं म्हून. भांडून दिसंल का तिला?" मग तू ओढलेल्या मुळांचा भारा उचललास आणि तिच्या पायापाशी नेऊन टाकलास. तिनं भाऱ्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या पातीवर ओरडायला गेली.

राजीनामा मी खोडला. पण मी साहेबांच्या पायाशी काय नेऊन टाकणार? न झालेल्या बिघाडाचा भारा बांधता येत नाही. तसाच काट्यावर गेलो. ती म्हणाली, "आज कसे आले? मी तर तक्रार टाकली न्हाई." मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच ना? मी रोज एक टाकते. तुम्ही यायचं, चहा घ्यायचा, बंद करायची." माय, माझी नोकरी वाचत होती आणि रोज तिच्या हातचा चहा मिळत होता. तरी मी नको म्हणालो.

"लई ताठा हाय वाटतं."

"ताठा न्हाई. खोट्या टाकल्या, मंग खरंच बंद पडलं तर कोण पळत येईल?"

ती म्हणाली, "मंग साहेबांनाच आणा इकडं."

दुसऱ्या दिवशी आणलं. ट्रक येत होते, पावती घेत होते, जात होते. साहेब कंटाळले. "यात बघायचं काय आहे?" ती म्हणाली, "हेच. आधी रांग रस्त्यापर्यंत जायची अन् ड्रायव्हर मला शिव्या द्यायचे. आता शिव्या बंद झाल्या, त्याचं तिकीट कुठं टाकू साहेब?" साहेब हसले, पण लगेच माझ्याकडं वळून म्हणाले, "मलाही वर आकडा द्यावा लागतो रे." पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही. म्हणालो, "मंग काटा किती वेळ बंद राह्यला तो आकडा द्या." त्यांनी मान डोलावली. तिकिटं अजून मोजतातच, त्यासोबत आता हेही बघतात. कायम केलं नाही, करार वर्षभर वाढवला. मला तेवढं पुरे आहे. तिच्याकडं आता जेवणाच्या सुट्टीत तक्रारीशिवाय जातो, आणि ती काही म्हणत नाही.

तुझा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. वाचून तुला वाटलं असतं, पोरगं माझ्यावर गेलं, मुळाशी जाऊन काम करतं. तसं काही नाही. तो दुसरा पोरगा प्रिंटर चालू करायला रोज तिच्या केबिनीत जायचा आणि हसत बाहेर यायचा, ते मला बघवत नव्हतं. वायर नीट झाली की त्याचं जाणं बंद होईल, एवढंच डोक्यात होतं. माझंही जाणं बंद होईल, हे पाइप बुजवून झाल्यावर लक्षात आलं.