तांदळाआधीचं नाव

२ मार्च, सोमवार

यशश्री ऑफिसला निघता निघता दारातूनच म्हणाली, "आई, आठ तारखेला क्लब हाऊसमध्ये विमेन्स डे आहे. तुम्ही क्रॉसवर्ड करून द्याल का, इंग्लिशमध्ये? थीम ठरलीय — व्हिक्टोरियन काळातल्या बायका नॉव्हेलिस्ट. तुम्ही कॉन्व्हेंटच्या ना! तुम्हालाच जमेल."

तुम्हालाच जमेल! इतकी वर्षं रोज पेपरातलं इंग्रजी कोडं सोडवते आहे. त्यावर आजवर घरात एवढंच ऐकलं — झाला का तुझा पेपर, रद्दीत टाकू? आणि आज सुनेच्या तोंडून हे.

हो म्हटलं. लगेच. इतक्या लगेच म्हटलं, त्याचाच नंतर राग आला.

दुपारी पट्टी-पेन्सिल घेऊन बसले तोच आतून हाक — "प्रेमा! ए प्रेमा!" उठून गेले. सासूबाई पलंगावर बसून खिडकीतून खालचे पाण्याचे टँकर बघत होत्या.

"काय हवंय, आई?"

"काही नाही ग. अशीच हाक मारली."

अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, पण ही सवय म्हातारपणाची नाही. राजाजीनगरच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची आहे. हातातलं टाकून जावं, तर — अशीच!

३ मार्च

बेळगावची शाळा दिवसभर डोळ्यांसमोर. लाल फरशीचा लांब व्हरांडा, प्रार्थनेच्या वेळी येणारा मेणबत्त्यांचा वास. ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटाची किल्ली सिस्टर बेनेडिक्टांच्या कमरेच्या दोरीला बांधलेली असायची. आठवीत त्यांनी पहिली जाड कादंबरी हातात दिली. वर एका पुरुषाचं नाव. म्हणाल्या, "त्या नावाकडे नको बघू, बाळ. तो नुसता कोट आहे. आत बाई आहे."

त्यांना वल्लरी म्हणता यायचं नाही. व्हॅलरी म्हणायच्या. मी घरी येऊन रडले, तर बाबा हसले. "म्हणू दे. वेलीला काय, कुठल्याही भिंतीवर चढते." वल्लरी म्हणजे वेल. बाबांनी ठेवलेलं नाव. लाडात आले की वल्लू.

बाबा गेल्यापासून वल्लू कुणी म्हणालेलं नाही.

४ मार्च

चौकोन भरू लागलेत. काय एकेक बाई!

त्या तिघी बहिणी — पाद्र्याच्या घरच्या. पुस्तकं छापताना तिघींनी नावं बदलली, पण प्रत्येकीने आपलं पहिलं अक्षर राखलं. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून असेल? की स्वतःलाच आठवावं म्हणून?

दुसरी — तिचं पहिलं नाव कुणाला ठाऊकच नाही. सगळीकडे नुसतं मिसेस अमुक.

आणि ती, सिस्टरांच्या कोटातली. साथीदाराचंच नाव लेखनासाठी घेतलं. तो गेल्यावर साठीला आली असताना दुसऱ्याशी लग्न केलं, आणि त्याचं आडनाव कोणतं? या कोड्याच्या इंग्रजी नावाचा पहिला अर्धा भाग! तिच्यासाठी सूचना लिहिली — 'हिचं शेवटचं आडनाव तुम्ही कागद हातात घेतानाच वाचलंत.' स्वतःवरच खूष झाले. स्वयंपाकघरात एकटीच हसत होते, तर विद्याधर डोकावून म्हणाले, "कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतंय? की त्याही चौकोनात घातल्यास?"

सासूबाईंनी कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "रांगोळीचे ठिपके जोडल्यासारखं दिसतंय. काय लिहितेस यात?"

"बायकांची नावं, आई. पुस्तकं लिहायच्या, पण दुसऱ्याच नावाने."

"अय्यो, इंग्रज बायकांचीही नावं बदलायची?"

"बदलायची नाहीत. त्या स्वतःहून बदलायच्या."

"स्वतःहून!" म्हणाल्या आणि पुष्कळ वेळ हसल्या. काय हसण्यासारखं होतं त्यात?

५ मार्च

डब्यात तांदूळ ओतताना हात थांबला.

लग्नात ताटात तांदूळ पसरलेले होते. भोवती बायकांची गर्दी. विद्याधरांनी अंगठीने तांदळात रेघोट्या काढल्या आणि ताट माझ्याकडे फिरवलं. मोठ्याने वाच, म्हणाले सगळे. मी वाचलं — प्रेमा. टाळ्या! कुणी साखर वाटली. बाबा खांबाजवळ उभे होते, ते खाली बघत होते.

मला कुणी विचारलं नव्हतं. रात्री विद्याधरांना विचारलं, कुणी ठरवलं? "आईने. तिचा हट्ट होता, हेच हवं." त्या काळीसुद्धा ते नाव जुनाट होतं. माझ्या आईच्या वयाच्या बायकांचं. माझ्याबरोबरीच्या सुनांची नावं बदलली तीही निदान नव्या तऱ्हेची — मी मात्र प्रेमा!

पहिले काही महिने ओ द्यायलाच सुचायचं नाही. हाक कुणाला तरी दुसऱ्याला आहे असं वाटायचं. सासूबाई पुन्हा पुन्हा मारायच्या. प्रेमा. प्रेमा. प्रेमा. जनावराला शिकवतात तशा. शेवटी शिकले.

त्या तिघी बहिणींना पहिलं अक्षर तरी राखता आलं. माझ्या व चं काहीसुद्धा उरलं नाही.

कोड्यात एक जागा रिकामी आहे. खालच्या कोपऱ्यात, आडवी, इंग्रजी सात अक्षरांची.

६ मार्च

बसलं! व्ही-ए-एल-एल-ए-आर-आय. कोपऱ्यात असल्यामुळे दोनच उभे शब्द त्याला छेदतात — पाचव्या ए ला आणि शेवटच्या आय ला. चांगला कोडं करणारा असं सैल ठेवत नाही. राहू दे.

सूचना: 'हे कोडं जिने केलं ती — तांदळाआधी.'

७ मार्च, शनिवार

डोकं अजून ठणकतंय.

यशश्रीने कोडं छापून आणलं. सुंदर छापलंय. खाली बारीक अक्षरांत — कोडं: मिसेस प्रेमा विद्याधर.

मी म्हटलं, "इथे वल्लरी घाल ना."

"वल्लरी कोण?"

"मी."

"ओ माय गॉड, आई, किती सुंदर नाव आहे! पण आता शंभर कॉप्या निघाल्यात. आणि ग्रुपवर सगळे तुम्हाला प्रेमा आंटी म्हणतात. कन्फ्यूजन होईल."

"तू लग्नानंतर आडनाव नाही बदललंस, तेव्हा कुणाचं कन्फ्यूजन झालं?"

"ते ऑफिशियल आहे, आई. पासपोर्ट, पीएफ, सगळीकडे तेच. तुमचं तसं काही नाही ना."

माझं तसं काही नाही. खरंच आहे. तिचं आडनाव राहावं म्हणून या घरात भांडले कोण? मी. विद्याधरांशी आठवडाभर बोलले नव्हते. तिला ते माहीत नाही आणि मी सांगणारही नाही.

गिळून टाकलं असतं हेही. पण तेवढ्यात आतून — "प्रेमा! ए प्रेमा!"

गेले आणि दारातूनच ओरडले. "काय आहे? मी प्रेमा नाही, आई! माझं नाव वल्लरी आहे. वल्लरी! प्रेमा तुम्ही केलंत मला!"

त्या कानडीत इतकंच म्हणाल्या — "सरी." बरं.

८ मार्च, रविवार

विमेन्स डे! माइक कुणाच्या हातात? सेक्रेटरी नागराज यांच्या.

अर्ध्या बायकांनी फोनवर शोधून भरलं. शोधा, माझी हरकत नाही. तिघी बहिणी मिळाल्या, मिसेस मिळाली, साठीला लग्न करणारी तर कितीजणींना मिळाली, आणि हॉलमध्ये 'अरे, वरच लिहिलंय!' असा गलका झाला. त्या गलक्यात पाच मिनिटं मी खरंच सुखात होते. सिस्टर बेनेडिक्टा हव्या होत्या, असं वाटलं.

मग नागराज उत्तरं वाचू लागले. शेवटचं — "हे कोडं जिने केलं ती, तांदळाआधी… सगळ्यांनी लिहिलंय, करेक्ट आहे… प्रेमाजी!"

पी-आर-ई-एम-ए-जे-आय. सात अक्षरं. पाचवा ए. शेवटचा आय. तंतोतंत बसतं!

टाळ्या. माझ्याकडे वळून टाळ्या. कुणी म्हणालं, सो क्यूट. मी उत्तरांचा कागद दिला होता, तो टेबलावर समोशांच्या डिशखाली होता. उठून सांगावं असं वाटलं. उठले नाही. हसले! हात जोडून हसले!

यशश्री कानाशी येऊन म्हणाली, "सॉरी आई, मी जेवणाच्या काउंटरवर होते. आता जाऊ द्या ना. इट फिट्स."

घरी येऊन विद्याधरांचा कागद पाहिला. त्यांनीही प्रेमाजी.

"तांदळाआधी म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

"जेवणाआधी. पुलाव होता ना."

"माझं पहिलं नाव आठवतं?"

"पहिलं म्हणजे?" मग चष्मा काढून खरोखर विचार करत बसले. "व वरून होतं ना ग काहीतरी? विजया?"

अंगठीने माझं नाव लिहिणारा माणूस हा. पुसलं काय, ते त्याला माहीतच नव्हतं.

९ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही.

१० मार्च

सासूबाईंनी हाक मारणं बंद केलंय. पाणी हवं असलं की चमचा तांब्यावर वाजवतात. जेवण, औषध, खिडकी — सगळं चमच्यावर. काल वाटलं, सुटले! आज दुपारी घर इतकं गप्प होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

विद्याधर म्हणाले, "आईला काही बोललीस का तू? जेवत नाहीये धड."

"माझं नाव सांगितलं त्यांना," मी म्हटलं.

माझं काय चुकलं? काही चुकलं नाही.

१२ मार्च

राजाजीनगरहून गुरुदत्तमामांचा फोन. सासूबाईंचे धाकटे भाऊ, चौऱ्याऐंशीचे. त्यांचा फोन माझ्याच मोबाइलवर येतो आणि मी तो आत नेऊन देते. आज आवाज फार थकलेला. गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये होते.

"प्रेमाला दे स्वल्प. जरा बोलतो."

"मीच बोलतेय, मामा."

"तू नव्हे ग. आमची प्रेमा."

मला वाटलं, औषधांमुळे भ्रमलेत. "कोण प्रेमा, मामा?"

"माझी अक्का! आणि कोण? तुझ्या सासऱ्यांनी, वासुदेवरावांनी, ताटात तुंगा लिहिलं, म्हणून ती तुंगाबाई. आमच्या घरची प्रेमाच ती. सासरी ते नाव घ्यायचं नाही, अशी ताकीद होती आम्हाला. म्हणून अक्का म्हणायला शिकलो. आता म्हातारा झालो, ताकीद विसरतो!" हसले, मग खोकले. "तुला नाही सांगितलं तिने? मला म्हणाली होती तुझ्या लग्नात — गुरू, या घरात माझं नाव कुणी हाकारलं नाही. निदान मी तरी हाकारीन."

फोन आत दिला. दार लोटून घेतलं. ओट्याशी येऊन उभी राहिले. भाजी लागली, तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

अशीच हाक मारली — अशीच!

राग गेलेला नाही. माझं नाव गेलं ते गेलंच, आणि घेतलं त्यांनीच. आपलं गेलं म्हणून दुसरीचं घ्यायचं? हा कुठला न्याय? पण हा राग आता कुणावर ठेवू, तेच कळेना झालंय.

१३ मार्च

सकाळी कॉफी घेऊन गेले. दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. कानांनी कमीच ऐकू येतं. मी उंबऱ्यातूनच, हलक्या आवाजात म्हटलं — प्रेमा.

पहिल्याच हाकेला ओ आली.