कानटोपी आणि खो

मंगळवार, ५ ऑगस्ट

पाऊस चालूच. धड पडत नाही, धड थांबत नाही. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, पण असला चिकट पाऊस कागदावर कधी दिसला नव्हता. दोरीवरचे कपडे कालचे ते आजही ओलेच.

मनूची शाळेच्या खो-खोच्या संघात निवड झाली. सहावीतली ही एकटीच. दारातूनच ओरडत आली, "आजोबा, घेतलं मला!" चिखलाचे बूट घेऊन थेट माझ्या खोलीत. रागवायचं राहूनच गेलं. सामना २२ला, शुक्रवारी.

संध्याकाळी शाळेचा मेसेज. भुरभुर पावसात सराव चालू राहील, विजा चमकल्या तरच बंद. 'पाल्यास योग्य कपड्यांत पाठवावे.' योग्य म्हणजे काय, हे विचारावं म्हटलं तर खाली लिहिलेलं, 'या मेसेजला उत्तर देऊ नये.' वा!

जेवताना समीर म्हणाला, "बाबा, मी आधीच सांगतो. एकदा जरी खोकली तरी खो-खो बंद. गेल्या वर्षीचं मला परत नको." मनूचा घास हातातच राहिला.

गेल्या वर्षीचं मलाही नकोच आहे. न्यूमोनिया. नाकातोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. समीर आणि सूनबाई सकाळी खराडीला ऑफिसला जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. मैदानावर नेणार मी. म्हणजे खोकला आला तर तोही माझ्याच नावावर.

गुरुवार, ७ ऑगस्ट

बसने पेठेत. धायरीला राहायला येऊन तीन वर्षं झाली, पण खरेदी म्हटलं की पाय तिकडेच वळतात. दुकानदार ओळखीचा नव्हता, पण वळण तेच. म्हटलं, मुलीला खो-खो खेळायला रेनकोट हवाय. तर म्हणे, "खेळताना पाऊस पोरांना लागत नाही आजोबा. बघणाऱ्यांना लागतो. तुमच्या मापाचा दाखवू का?"

तरी घेतला. शिवाय आतून अस्तर असलेलं एक जाड जर्किन.

घरी येऊन कपाटाच्या वरच्या खणातून कानटोपी काढली. मनूच्या आजीने, कुसुमने विणलेली, दुहेरी लोकरीची, हनुवटीखाली बंद. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात विणली होती. तेव्हा मनूला फार मोठी होत होती. आता बरोबर बसते. बघायला ती मात्र नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज पहिला सराव. भुरभुर. निघताना मनूच्या कानात कापसाचे बोळे, वर कानटोपी, अंगात जर्किन, त्यावर रेनकोट. मीही बोळे आणि मफलर. आमच्याकडे सगळ्या थंडी-पावसाची सुरुवात कानापासून होते. कान झाकले की निम्मं काम झालं, असं आई म्हणायची, कुसुमही म्हणायची.

बाकीच्या पोरी नुसत्या हाफ पँट-टीशर्टवर! चपचपीत भिजलेल्या आणि खिदळतायत. यांच्या घरी कुणी आहे की नाही?

जाधव सर चांगले आहेत, वयाने लहान आहेत एवढंच. म्हणाले, "आजोबा, रेनकोट नको, पाय अडकतो." काढला. "टोपी पण काढू या का?" म्हटलं, "ती राहू द्या." जर्किनचा विषय त्यांनी काढलाच नाही. शहाणे आहेत.

मनू मधल्या रांगेतल्या आपल्या चौकात जाऊन बसली. लांबून गाठोडं ठेवल्यासारखी दिसत होती. पण कोरडी होती.

मंगळवार, १२ ऑगस्ट

डोकं उठलंय आज.

सातवीतली ऋतुजा म्हणून एक पोरगी आहे. चपळ आहे, नाही म्हणत नाही. पळत आली, मनूच्या पाठीला हात लावून खो दिला आणि आमची मनू बसलेलीच! ऋतुजा बघत राहिली, समोरचा गडी निसटला. पुन्हा तसंच. मग अजून एकदा. सरांनी शिट्टी मारली. "मनस्वी, लक्ष कुठंय?"

लक्ष तिथेच होतं हो. मी बघत होतो ना. मान ताठ करून बसली होती पोर.

मला विचाराल तर दोष त्या ऋतुजाचा. ती खो देते की कानगोष्ट सांगते? मी मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी उभा होतो, मला तिचा एक शब्द ऐकू आला नाही. खो कसा, तीरासारखा यायला पाहिजे.

घरी येताना मनूला म्हटलं, "तुझी चूक नाही ती." ती म्हणाली, "हं."

बुधवार, १३ ऑगस्ट

सरांना स्पष्ट सांगितलं. ऋतुजाला मोठ्याने खो द्यायला शिकवा, तिच्यापायी आमची मुलगी बोलणी खाते. सर डोकं खाजवत म्हणाले, "ऋतुजाचा आवाज पार रस्त्यावर जातो, आजोबा." म्हटलं, माझ्यापर्यंत तर येत नाही.

नेमकी ऋतुजा मागेच उभी. तोंड एवढंसं झालं तिचं. नंतर तिने खो दिला तो पाठीत धपाटा घातल्यासारखा. मनू कळवळली, पण उठली.

बरं केलं की वाईट? जेवण गेलं नाही. दुपारभर गॅलरी ते दार, दार ते गॅलरी.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला मीही गेलो. सगळ्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यात पाणी. कवायत करताना पचक पचक आवाज. मुख्याध्यापिका छत्रीखालून शिस्तीवर बोलल्या.

सर बाजूला घेऊन म्हणाले, "आजोबा, मनस्वीला सध्या राखीवमध्ये ठेवतोय. पळते छान. पण खो मिळाल्यावर उठायला उशीर होतो. सामन्यात परवडायचं नाही." मी काहीतरी बोललो. काय, ते आठवत नाही.

मनूला त्यांनी आधीच सांगितलं होतं. घरी येऊन टोपी स्वतः दोरीवर वाळत घातली, दोन्ही बाजूंनी चिमटे लावून. रडली असती तरी चाललं असतं.

सूनबाईंनी विचारलं, "काय झालं हिला?" म्हटलं, हवा खराब आहे.

रविवार, १७ ऑगस्ट

हे लिहू की नको. लिहितो.

आज सगळे घरी. सकाळी दूध आणून आलो. गार वारा होता म्हणून कानात बोळे होतेच, आणि मफलर ओला झाला म्हणून दोरीवरची कानटोपी चढवली. अंगात माझं जुनं जर्किन. तसाच गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलो. खाली गणपतीच्या मांडवाचे बांबू उतरत होते. छान शांत वाटत होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

एकदम सूनबाई समोर येऊन उभ्या. हातात चहा, चेहरा घाबरलेला. ओठ हलतायत. मी टोपी वर केली, बोळा काढला.

"काय करून राहिले बाबा तुम्ही? किती आवाज दिले मी! पाठीला हात लावला तरी हालून नाही राहिले. जीवच गेला ना माझा!"

एरवी प्रणिताचं मराठी आमच्यासारखंच झालंय. घाबरली की यवतमाळ बाहेर येतं.

पाठीला हात लावला होता तिने. मला कळलंच नव्हतं.

बांबू टाकल्याचा आवाज आला. म्हणजे मघापासून येतच असणार. मी हातातल्या बोळ्याकडे बघत बसलो. चहा गार झाला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, बरं वाटत नाही का?" काय सांगू? त्या पोरीचा आवाज रस्त्यावर जात होता आणि मी, कानात कापूस कोंबून, तिलाच बोल लावून आलो. आणि माझ्या नातीला मीच बहिरी करून चौकात बसवली. लाज वाटली. अजून वाटतेय.

मग सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "बाबा, मी शाळेत असताना खो-खोच खेळायची. चांगली खेळायची. तुम्ही कधी विचारलंच नाही." खरंच, नव्हतं विचारलं. सून येऊन चौदा वर्षं झाली.

सोमवार, १८ ऑगस्ट

मनू सवयीने टोपी-बोळे घालूनच निघाली. मैदानाकडे जाताना तिच्या एका कानातला बोळा सैल करून विचारलं, "टोपीमुळे ऐकू येत नव्हतं ना तुला?"

"नव्हतं येत."

"मग बोलली का नाहीस?"

चालता चालता डबक्यात पाय आपटला तिने. "टोपी काढली असती तर तुम्ही मला खेळू दिलं असतंत का? घाबरला असतात. बाबांना सांगितलं असतंत." मग थोड्या वेळाने, "आणि आजीची आहे ना ती."

म्हणजे ही पोर माझी भीती डोक्यावर बांधून खेळत होती. तिथेच टोपीचे बंद सोडले, बोळे काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले. जर्किनही उतरवलं. आत पातळ टीशर्ट, लगेच हातावर काटा आला तिच्या.

ऋतुजाला गाठलं. म्हटलं, "बाळ, चूक माझी होती. माझ्याच कानात बोळे होते." तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "आजोबा, मी घरी जाऊन आईला विचारलं, माझा आवाज बसलाय का." एवढंच बोलून पळाली. बरोबर आहे तिचं.

आज मनू एकदाही बसून राहिली नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सूनबाईंची पद्धत सुरू. खेळताना अंगात पातळ, चटकन वाळणारा टीशर्ट. भिजला तर भिजला. रेनकोट फक्त जाता-येता. जर्किन खेळ संपल्यावर. खेळ थांबला की त्या क्षणी डोकं पुसायचं, ओले मोजेसुद्धा अंगावर राहता कामा नयेत. "भिजून पळू द्या बाबा. भिजून उभं राहू देऊ नका."

म्हणजे आता माझ्याकडे पिशवी. टॉवेल, कोरडे कपडे, मोजे, जर्किन, थर्मासमध्ये गरम पाणी. पिशवीवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर छत्री, मी छत्रीच्या बाहेर.

कळतं सगळं, पण बघवत नाही. केसांतून पाणी निथळतंय आणि ही सूर मारतेय चिखलात! मी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. सर म्हणाले, "आजोबा, तुम्हालाच घेतो संघात."

बुधवार, २० ऑगस्ट

घेतलं! परत घेतलं मनूला, पहिल्या नवांत. समीरला फोनवर सांगितलं. म्हणाला, "खोकला नाही ना?" अरे, आधी शाब्बास तरी म्हण.

गुरुवार, २१ ऑगस्ट

संध्याकाळी. मनू न्हाणीघरात होती. खोकली. एकदाच. की दोनदा?

समीर लवकर आला होता, हॉलमध्ये, कानात इयरफोन, मीटिंग चालू. त्याला काही ऐकू आलं नाही. मला आलं. माझ्या कानात आता काही नसतं.

बाहेर आली तर कपाळाला हात लावला. गार. "पाण्याचा ठसका लागला आजोबा." माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाली.

ठसका की खोकला? समीरला सांगू? सांगितलं तर संपलंच. नाही सांगितलं आणि उद्या रात्री ताप भरला तर? तो मास्क डोळ्यांपुढून हलत नाही. उठतोय, बसतोय, पंखा चालू-बंद करतोय.

शेवटी सूनबाईंना सांगितलं. एकट्याने सोसवलं नसतं मला. त्यांनी मनूची छाती कान लावून ऐकली, पाठ ऐकली. म्हणाल्या, "मला तर साफ वाटते. सकाळी ताप नसला तर जाऊ द्या. समीरचं मी बघते. पण बाबा, मैदानावर तुम्हीच असाल. तिथं तुम्हाला नको वाटलं तर थांबवा. मी काही म्हणणार नाही."

म्हणजे परत माझ्यावरच.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

मैदानावरून. मधली सुट्टी चालू आहे. वहीवर थेंब पडतायत.

सकाळी ताप नव्हता. रिक्षात एकदा घसा खाकरला तिने. मी बघितलं, ती बाहेर रस्त्याकडे बघायला लागली.

इथे आलो तर पाऊस वाढलेला. पंच म्हणाले, विजा नाहीत, खेळवू. सर विचारायला आले, "आजोबा, मनस्वी बरी आहे ना? उतरवू?" मनू त्यांच्या मागे उभी. माझ्याकडे बघत होती. भीक मागितल्यासारखं नाही, नुसतं बघत होती.

म्हटलं, "उतरवा."

आणि पिशवीतला टॉवेल सगळ्यात वर काढून ठेवला.

पहिला डाव बरोबरीत. ऋतुजाने मनूला खो दिला तो अख्ख्या मैदानाने ऐकला, आणि मनू शब्द संपायच्या आत उठून पळाली होती. खांबाला वळसा घालून गडी बाद केला. मी ओरडलो. शेजारचे बघायला लागले.

सुट्टी होताच पुसून घेतलं, कोरडं घातलं, गरम पाणी पाजलं. पाठीला हात लावून बघितला. गरम लागली. पळून आलीय म्हणून, की? "खोकला?" विचारलं. "आत्ता नाही," म्हणाली आणि पिशवीतून दुसरा टीशर्ट ओढून काढला.

समीरचा फोन येऊन गेला. उचलला नाही. खेळ संपल्यावर करतो.

शिट्टी झाली. चौकात बसली, पाठ माझ्याकडे. वारा सुटलाय, कान पार बधिर झालेत माझे. कुसुमची टोपी खिशात आहे. घालत नाही. खो ऐकायचाय.