अमृतरावांच्या शटरचा नंबर

६ एप्रिल, सोमवार

आज सकाळी सव्वादहाला धम्मानंददादाचा फोन वाजला अन् तिथंच माझं सगळं फिरलं. त्याआधी मी त्याच्या दुकानात चहात खारी बुडवत बसलो होतो. सुखात होतो.

फोन अमृतरावांचा. हळदीचे व्यापारी, मोंढ्यामागं नवा बंगला. त्यांच्या गॅरेजच्या शटरला मोटर आम्हीच बसवली, डिसेंबरात. बाहेरच्या खांबावर बिनतारी कीपॅड – नंबर दाबला की शटर वर. ते त्याला ‘नंबराचा डबा’ म्हणतात. तर म्हणे तो डबा बंद करा, काढून न्या. दुपारच्या वेळी कोणीतरी शटर उघडून आत येऊन जातंय. चोरी? नाही. एक चमचा हलला नाही. पण येऊन जातंय. अन् वर हे – "बसवणाऱ्या पोराला नंबर ठाऊक असतो ना?"

पोराला! म्हणजे मला! नाव घ्यायची पण तकलीफ घेतली नाही.

मी दादाला म्हणालो, सांगा त्यांना, दुसरा माणूस बघा. ज्यानं उन्हात उभं राहून मोटर टांगली तोच चोर? दादा स्क्रू निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "मुन्ना, वीस वर्षं झाली. एका घरानं मला विचारलं न्हाई, की तू आत काहून गेला. अमृतरावांनी पण विचारू नये. जायचं, काढून द्यायचं."

दादाचं हे असंच. त्याला राग येतच नाही. माझा वाटा आणि त्याचा वाटा, दोन्ही मलाच आला बहुतेक. कॉलेज त्यापायीच सुटलं – दुसऱ्या वर्षाला सरांनी माझी प्रॅक्टिकलची वही सगळ्यांसमोर भिरकावली, मी उचलून त्यांच्याच टेबलावर भिरकावली. माफी माग म्हणाले. सरळ घरी आलो.

पण आजचा राग वेगळा. त्या घरात राजनंदिनी राहते, त्यांची मुलगी.

७ एप्रिल, मंगळवार

कामात लक्ष नाही. दोन ठिकाणी वायर उलटी जोडली.

घरात तिला नंदी म्हणतात. मी नाही म्हणणार. पूर्ण नाव लिहायला वेळ लागतो, तेवढाच बरा.

डिसेंबरात मी शिडीवर होतो, ती खाली. म्हणाली, "स्क्रू उलटा फिरवून राहिले तुमी." खरंच उलटा फिरत होता! हसली. पाणी आणून दिलं. तारेशिवाय हे चालतं कसं, विचारलं. मी अर्धा तास सांगत होतो, अन् तिनं तो ऐकला. शेवटी म्हणाली, इतकं येतं तर कॉलेज काहून सोडलं? बाकी सगळे ‘सोडलं म्हणे’ एवढंच म्हणतात. ‘काहून’ तिनंच विचारलं.

आता वहीत खोटं कशाला लिहू. शटर मीच उघडलं. तीनदा.

बसवताना टेस्टिंगचा नंबर टाकला होता, पन्नास-पन्नास. तो पुसायचा राहिला. म्हणजे पहिल्यांदा राहिला, मग राहू दिला. ती सकाळच्या बसनं नांदेडला जाते, फार्मसीला. स्कूटी घरीच असते. अमृतराव मोंढ्यात. तिची आई जनकाबाई आत झोपलेली. मी शटर निम्मं वर घ्यायचो अन् वाकून आत.

आत जाऊन केलं काय? तिच्या स्कूटीची सीट फाटली होती, स्पंज बाहेर आलेला. मापाचं कव्हर आणून बसवलं. दुसऱ्या खेपेला ढिला आरसा घट्ट केला. तिसऱ्या खेपेला स्टँडला ग्रीस. याला चोर म्हणतात? चोर नेतो. मी तर देऊन आलो! अन् ती त्या कव्हरवर बसून तीन आठवडे वसमतभर फिरली. तिला कळलंच असणार. कळल्याशिवाय कोणी बसंल का?

८ एप्रिल, बुधवार

गेलो. छाती काढून गेलो. दादा सोबत होता.

अमृतरावांनी गेटमधेच उभं केलं अन् सगळी हकीकत सांगितली. रविवारी जेवताना ते राजनंदिनीला म्हणाले, कव्हर चांगलं बसवलंस गाडीला. ती म्हणाली, मी कुठं, तुमीच बसवलं ना? दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग जनकाबाईंना आठवलं – दुपारी दोनतीनदा शटर वाजलं होतं, मालक आले असं वाटून त्या उठल्याच नाहीत. मला हसू येत होतं. दाबलं.

मग ते माझ्याकडं वळले. नंबर तुला माहीत आहे का?

मी म्हणालो, काका, तुमचा नंबर अख्ख्या गावाला माहीत आहे. या, दाखवतो. अन् कीपॅडपाशी नेलं. पांढरी बटणं. त्यातली चार पिवळीधम्म! एक, चार, सात, नऊ. अमृतरावांची बोटं, मुनीमाची बोटं, पोती टाकायला येणाऱ्या हमालांची बोटं – सगळी हळदीची. चार महिने तीच चार बटणं दाबली, रंग बसणारच. आता आकडे मिळाले, पुढचंमागचं तेवढं लावायचं राहिलं.

"तुमी चौऱ्याहत्तर सालचे ना, काका?" म्हणालो, अन् दाबलं एक-नऊ-सात-चार. शटर वर!

काय तोंड झालं त्यांचं! दादासुद्धा खाली बघून हसला. अमृतराव मला सॉरी म्हणाले नाहीत, ते व्यापारी आहेत, पण दादाला म्हणाले, "पोरगं हुशार हाये तुमचं." कालपर्यंत चोर होतं!

तरी डबा नकोच म्हणाले. काढाच. तेवढ्यात लाइट गेली. कीपॅडचे सेल काढून काही होत नाही, नंबर त्यात नसतोच, तो वर मोटरीच्या बोर्डात असतो. बोर्ड पुसायला लाइट लागते. परवा येतो म्हणून निघालो.

राजनंदिनी आज नांदेडला गेली नव्हती. दारात उभी होती. आम्ही सामान भरत होतो तेव्हा पुढं येऊन कीपॅडकडं बघत राहिली, कितीतरी वेळ. माझ्याकडं बघायला लाजत होती.

९ एप्रिल, गुरुवार

अपमान तर झालाच ना पण. ‘हुशार’ म्हटल्यानं ‘चोर’ पुसत नाही.

उद्या दादा कळमनुरीला जाणार, मी एकटाच. बोर्डावरचं छोटं बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरायचं, की सगळे नंबर अन् सगळे रिमोट पुसले जातात. मग घरातले तीन रिमोट परत बसवून द्यायचे. तीनच्या जागी चार बसवले तर कोण मोजतंय? दादाच्या ड्रॉवरमधून एक नवा रिमोट घेऊन ठेवलाय. खिशात मावतो.

चोर म्हणालात ना. मग आता तुमच्या नाकासमोर बसवतो.

अन् तिला सांगायचंय. वाक्यं तयार आहेत. ‘कव्हर मीच बसवलं’ यानंच सुरुवात करायची. पुढचं ती समजून घेईल.

११ एप्रिल, शनिवार

काल लिहिलं नाही. दादाला पण अजून सांगितलं नाही. हे लिहून झालं की सांगणार आहे.

काल शटर वर घेतलं, शिडी लावली. राजनंदिनी बाहेर आली अन् कीपॅडपाशी उभी राहिली. म्हणाली, "पिवळी बटणं आमची. ही दोन काळी कुणाची?"

पाच अन् शून्य. कडेला काळी, ग्रीसनं. बुधवारी सगळ्यांना पिवळी दाखवत होतो, ही मला दिसलीच नाहीत. मी हात मागं घेतले.

आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, आई आता दुपारी आंघोळीला जात नाही. मी घरी येईपर्यंत आतून कडी लावून बसून असते. ते कव्हर मी रविवारीच ब्लेडनं कापून टाकलं. मग म्हणाली, "बाबाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर गावात तुमचं नाव न्हाई निघणार. धम्मानंदकाकाचं निघंल."

तयार वाक्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

शिडी चढलो. बटण दाबून धरलं. दिवा विझला. त्यांचा नंबर गेला, माझा गेला. तीन रिमोट बसवले, तिच्यासमोर एकेक चालवून दाखवला. चौथा खिशातून काढून तिच्यापुढं धरला – हा पण दाबून बघा म्हणालो, चालत नाही. तिनं दाबून बघितला. चालला नाही. परत दिला.

कीपॅडचे चार स्क्रू उलटे फिरवले. या वेळी बरोबर होतं.

ती आत गेली. आतल्या भिंतीवरचं बटण मीच दाबलं, अन् उतरत्या शटराखालून वाकून बाहेर निघालो. पाठीमागं ते जमिनीला टेकलं.