माळावरची ओली बाळंतीण

शिमग्यानंतरचा मंगळवार, संध्याकाळ

चैन पडत नाही. कुकर लावून लिहायला बसलेय.

चाकणच्या आमच्या माळावर भाऊजी गोदामाची शेड बांधतायत. आज जमीन सपाट करायला जेसीबी आला आणि नेमकी तिथेच खोकडीची, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्हीची, बिळं निघाली. तोंडाशी पिल्लं खेळत होती, मांजराएवढीही नाहीत. आवाज झाला तशी आत पळाली.

वाटलं, सासूबाई शिव्याच घालतील. कोंबडी दिसली नाही की त्यांचा पहिला संशय खोकडीवर. पण त्या तरातरा जाऊन मशीनसमोर उभ्या राहिल्या.

"ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढतोस व्हय रं?"

"आई, पावसाच्या आत शेड उभी करायचीय!" भाऊजी ओरडले.

"असू दे. पोरं हिंडाय-फिराय लागंस्तोवर हात लावायचा न्हाई."

भाऊजींनी मशीन परत पाठवलं. तेव्हापासून घरात कुणाशी बोलत नाहीत.

मी दिवस मावळेपर्यंत बांधावर बसले. खोकड येईना. आवाजाला भिऊन कायमची गेली असेल तर? पिल्लं उपाशी... शेवटी शेपटीचं काळं टोक गवतात हललं. तोंडात उंदीर होता. लांबच्या, भलत्याच बिळातून आत शिरली. जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. ते काळं टोक अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पिल्लं मोठी होऊन जाणार कुठे? तिन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, चौथी आमची होणार. उद्या भाऊजींना सांगणार आहे, भिंतीखाली खोकड जाईल एवढी फट ठेवा. चिडतील. चिडू देत.